आतली वाट : एनॅमल घडताना कॅल्शियम कुठून जाते

दाताचे एनॅमल ज्या पेशी घडवतात, त्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत नाहीशा झालेल्या असतात. हाड मोडले तर जुळते, कारण हाड रचणाऱ्या पेशी हाडापाशीच राहतात. दंतिनाच्या आतल्या बाजूलाही पेशींचा एक थर आयुष्यभर तग धरून असतो आणि गरज पडली की थोडेफार नवे दंतिन घालतो. एनॅमलला मात्र असा कोणी वाली उरत नाही. वजनाच्या हिशेबाने सुमारे 96 टक्के खनिज असलेला, शरीरातला सर्वांत कठीण असा हा थर एकदाच घडतो आणि पुढची साठ-सत्तर वर्षे चावण्या-दळण्याचे काम तेवढ्यावरच भागवावे लागते. त्यामुळे एनॅमल कसे घडते, हा प्रश्न दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे तोंड तपासून सुटत नाही. तिथे दिसते ते संपलेले काम. करणारे केव्हाच गेलेले असतात. त्या पेशींची, म्हणजे अमेलोब्लास्टची, अनेक कामे आहेत. या पुस्तकात त्यांतले एकच निवडले आहे : रक्ताच्या बाजूचे कॅल्शियम उचलून एनॅमलच्या बाजूला पोचवणे. ऐकायला हे ओझी वाहण्याचे साधे काम वाटते, आणि बराच काळ अभ्यासकांनाही ते तसेच वाटत होते. माझे म्हणणे याच्या उलट आहे. हे कॅल्शियम दोन पेशींमधल्या फटींतून पाझरून जात नाही, निदान त्याचा मोठा वाटा तरी जात नाही. ते पेशीच्या आतून जाते, आणि तेही अशा यंत्रणेतून, जी इतर पेशींत माल वाहण्यासाठी नव्हे तर निरोप पोचवण्यासाठी वापरली जाते. हे मान्य केले तर सदोष एनॅमलकडे पाहण्याची रीतच बदलते. म्हणून पुढची प्रकरणे वाचण्याआधी त्यामागचा पुरावा आणि त्यावरचे आक्षेप वाचकापुढे ठेवतो.

एनॅमल घडण्याचे दोन मुख्य टप्पे आहेत आणि त्यांत गल्लत झाली की पुढचे सगळे बिनसते. पहिला टप्पा स्रवणाचा. या वेळी अमेलोब्लास्ट उंच, सडपातळ असतात आणि एनॅमलकडच्या टोकाला त्यांना टोम्सच्या नावाने ओळखला जाणारा निमुळता भाग असतो. त्यातून अमेलोजेनिन, अमेलोब्लास्टिन, एनॅमेलिन ही प्रथिने बाहेर पडतात. त्यांत अमेलोजेनिनचा वाटा नव्वद टक्क्यांच्या आसपास असतो. या प्रथिनांच्या लगद्यात खनिजाच्या अतिशय पातळ, लांबच लांब फिती तयार होतात. टप्पा संपतो तेव्हा एनॅमलची जाडी पूर्ण झालेली असते, पण खनिज असते वजनाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतके. नखाने ओरखडा निघेल इतके ते मऊ असते. दुसरा टप्पा पक्वतेचा, आणि आपला विषय मुख्यतः याच टप्प्यातला. आता फिती लांबीने वाढत नाहीत, जाडी-रुंदीने भरत जातात. शेवटी एकेक स्फटिक सुमारे 25 नॅनोमीटर जाड आणि 70 नॅनोमीटर रुंद होऊन शेजारच्याला जवळजवळ टेकतो. मधली प्रथिने विकरांनी तोडून काढून टाकली जातात, पाणी निघून जाते आणि त्यांची जागा खनिज घेते. या टप्प्यात कॅल्शियम जमा होण्याचा वेग स्रवणाच्या टप्प्याच्या कितीतरी पट असतो. गंमत म्हणजे काम वाढते तसे मजूर कमी होतात : उंदरावरच्या मोजणीत दोन टप्प्यांच्या सांध्यावर सुमारे पाव पेशी मरतात आणि पक्वतेच्या काळात आणखी पाव. उरलेल्या निम्म्यांवर सगळा भार येतो.

हा भार किती, याचा अंदाज कागद-पेन्सिलीने काढता येतो, आणि तो काढल्याशिवाय प्रश्नाचे गांभीर्य कळत नाही. ढोबळमानाने एक अमेलोब्लास्ट एनॅमलचा एक दंड घडवतो. दंडाची रुंदी सुमारे 5 मायक्रोमीटर, एनॅमलची जाडी 1 मिलिमीटर धरली तर एका पेशीच्या वाट्याला सुमारे 60 नॅनोग्रॅम खनिज येते. त्यात तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक कॅल्शियम, म्हणजे 20 नॅनोग्रॅमच्या आसपास. अणूंत मोजायचे तर 300 लाख कोटी. कायमच्या पहिल्या दाढेचे एनॅमल बाळाच्या जन्माच्या सुमारास सुरू होते आणि साधारण तीन वर्षांत दाढेचा माथा पुरा होतो. या तीन वर्षांवर वाटणी केली तर एका पेशीने रात्रंदिवस, दर सेकंदाला सुमारे 30 लाख कॅल्शियम आयन पलीकडे टाकले पाहिजेत. आता त्या पेशीच्या आत पाहू. ऊतकद्रवात मोकळे कॅल्शियम असते लिटरला सुमारे 1.2 मिलिमोल, तर कोणत्याही निरोगी पेशीच्या पेशीद्रवात त्याच्या दहा हजाराव्या हिश्शाइतकेच. अमेलोब्लास्टच्या आकारमानाचा विचार करता एका क्षणी तिच्या पेशीद्रवात सुटे असलेले आयन सत्तरएक हजार भरतात. म्हणजे तिला आपल्या अंगातले सगळे सुटे कॅल्शियम सेकंदाला चाळीसएक वेळा बदलावे लागेल आणि तरीही त्याचे प्रमाण वाढू देता येणार नाही. ते वाढले तर? कॅल्शियम हा पेशीसाठी धोक्याचा इशारा असतो. स्नायू आकसतात ते त्याच्याच वाढीने, ग्रंथी स्रवतात त्या त्याच्याच वाढीने, आणि वाढ टिकून राहिली तर पेशी मरण्याची तयारी करू लागते. माझे आकडे सरासरीचे आहेत. पक्वतेच्या ऐन भरात, पेशी निम्म्यावर आलेल्या असताना, खरा भार याहून मोठाच असणार. तेव्हा प्रश्न असा की जो पदार्थ आत साठू देणे घातक, त्याचाच एवढा मोठा ओघ ही पेशी कशी हाताळते?

सर्वांत सोपे उत्तर : ती तो हाताळतच नाही. कॅल्शियम बाजूने, दोन पेशींमधल्या फटीतून निघून जाते आणि स्फटिकांच्या ओढीने एनॅमलमध्ये शिरते. या मताला दुबळे म्हणून झटकून टाकणे योग्य नाही, कारण त्याच्या बाजूने खरीखुरी निरीक्षणे आहेत. पक्वतेच्या टप्प्यात अमेलोब्लास्ट आपले रूप पुनःपुन्हा बदलतात. कधी एनॅमलकडचे टोक खोल चुण्यांनी भरलेले असते, कधी ते सपाट होते. उंदराच्या पटाशीत, जी जन्मभर वाढत राहते आणि म्हणूनच या अभ्यासाचा मुख्य आधार ठरली आहे, हे एक आवर्तन सुमारे आठ तासांचे असते. त्यातला मोठा काळ चुणीदार रूपाचा, थोडका सपाट रूपाचा. चुणीदार पेशी एनॅमलकडच्या टोकाला एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. सपाट पेशींची तीच बाजू सैल असते आणि रंगद्रव्ये किंवा खुणेचे रेणू तिथून झिरपताना दिसतात. म्हणजे फट आहे, आणि ती ठरावीक वेळाने उघडतेही. पण किरणोत्सारी कॅल्शियम टोचलेल्या उंदरांच्या पटाशीवर जे पट्टे उमटतात ते काय सांगतात? कॅल्शियम प्रामुख्याने चुणीदार पेशींच्या खालच्या एनॅमलमध्ये जमा होते, म्हणजे नेमके तिथे, जिथे फट बंद आहे. फटीचेच म्हणणे खरे असते तर पट्टे उलटे उमटायला हवे होते. शिवाय स्फटिक वाढताना आम्ल तयार होते. हायड्रॉक्सीॲपेटाइटच्या एका एककासाठी दहा कॅल्शियम आणि सहा फॉस्फेट एकत्र येतात तेव्हा हायड्रोजनचे आठ आयन सुटतात. चुणीदार पेशींखालचा सामू 6 च्या आसपास घसरतो आणि सपाट पेशींच्या काळात पुन्हा सातच्या वर येतो. हे आम्ल पेशींनी बायकार्बोनेट सोडून मारले नाही तर स्फटिक वाढायचे सोडून विरघळू लागतील. उघड्या फटीतून हा सगळा व्यवहार सांभाळता येईल, हे पटण्यासारखे नाही.

फटीच्या बाजूचा सर्वांत ताजा मुद्दा क्लॉडिन-16 या प्रथिनाचा आहे. पेशींच्या सांध्यात बसणारे हे प्रथिन मूत्रपिंडात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम फटीतून परत घेण्यास मदत करते. ते बिघडले की दोन्ही खनिजे लघवीतून वाहून जातात आणि मूत्रपिंडात चुना साचतो. अशा रुग्णांचे एनॅमलही सदोष असते. मग एनॅमलमध्येही कॅल्शियम फटीतूनच जाते, हे सिद्ध झाले नाही का? घाईने पाहिले तर तसे वाटते. पण 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या अभ्यासात वेगळेच दिसले : सांध्यांची रचना बिघडली, घडत्या एनॅमलमधले आम्ल वाढले आणि प्रथिने तोडण्याचे काम विस्कळीत झाले. म्हणजे सांधा महत्त्वाचा आहे, पण पलीकडे काय घडते यावर पेशीचा ताबा राहावा म्हणून. कॅल्शियमची वाट म्हणून नव्हे. फट सैल पडली तर काय आत शिरते, याचे दुसरे उदाहरण आजकाल मुलांच्या पहिल्या दाढांवर आणि पटाशीवर दिसणाऱ्या खडूसारख्या पांढऱ्या-पिवळ्या डागांचे आहे. जगभरच्या पाहण्यांची सरासरी काढली तर हा दोष 13-14 टक्के मुलांत आढळतो. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात काम केलेल्या मायकेल हबर्ड यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना अशा डागांत, वरचा पृष्ठभाग शाबूत असतानाही, रक्तातले अल्ब्युमिन सापडले. ते स्फटिकांना चिकटते आणि त्यांची वाढ अडवते. फटीतून येणारा द्रव कॅल्शियमबरोबर असे पाहुणेही आणतो. ज्या पेशीला आपले काम नीट करायचे आहे तिने फट मिटलेलीच ठेवावी, हेच बरे.

तर मग वाट आतून. पण आतून म्हणजे नेमकी कुठून? यावर पहिले उत्तर आतडे आणि मूत्रपिंड यांच्या अभ्यासातून उसने घेतलेले होते. आतड्याच्या पेशींत कॅल्शियम एका बाजूच्या चॅनेलने आत येते, कॅल्बिंडिन नावाचे प्रथिन त्याला धरून पेशीद्रवातून पलीकडे नेते आणि तिथले पंप ते बाहेर टाकतात. कॅल्बिंडिन म्हणजे कॅल्शियम पैलतीरी नेणारी होडी, अशी ही कल्पना. अमेलोब्लास्टमध्ये कॅल्बिंडिन विपुल असते, त्यामुळे ती इथेही चालेल असे सर्वांनीच गृहीत धरले. विपुल आहे म्हणून आवश्यक आहे, हा तर्क विज्ञानात पुष्कळदा फसतो, आणि इथे तो फसला. मोठे कॅल्बिंडिन जनुकीय पातळीवर काढून टाकलेल्या उंदरांचे एनॅमल 2004 मध्ये हबर्ड यांच्या गटाने तपासले; ते नीट भरलेले होते. होडी काढून घेतली तरी माल पोचत होता. हबर्ड यांनी 2000 मध्येच एक पर्यायी मत मांडले होते, की कॅल्शियम पेशीद्रवातून जातच नसावे. पेशीच्या आत पसरलेल्या आंतर्द्रव्यजालिकेच्या सलग पोकळीतून ते जात असावे. या जालिकेत कॅल्शियमचे प्रमाण पेशीद्रवाच्या हजारो पट असते, आणि ते तिथे असणे धोक्याचे नाही, उलट आवश्यक आहे. जालिका भरणारे पंप अमेलोब्लास्टमध्ये ठासून भरलेले आहेत. स्वादुपिंडाच्या ग्रंथीपेशींत जालिकेतून कॅल्शियम एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकते, हे ओले पीटरसन यांच्या गटाने 1990 च्या दशकातच दाखवले होते, त्यामुळे कल्पना हवेतली नव्हती. एका अर्थाने पेशीने धोक्याचा माल बंद गल्लीतून नेण्याची सोय केली. तरी एक मोठी उणीव उरली. बाहेरचे कॅल्शियम जालिकेत शिरते कसे, हे दार कुणी दाखवले नव्हते.

ते दार दंतशास्त्राने शोधले नाही, शोधले रोगप्रतिकारशास्त्राने. जालिका रिकामी झाली की पेशीच्या बाह्य पटलातील एक वाट उघडते आणि बाहेरचे कॅल्शियम आत येऊन जालिका पुन्हा भरते, ही कल्पना जेम्स पटनी यांनी 1986 मध्ये मांडली होती. वीस वर्षे त्या वाटेचे रेणू हाती लागले नाहीत. 2005 मध्ये स्टिम-1 सापडले. हे प्रथिन जालिकेच्या पटलात बसून आतल्या साठ्याची पातळी जोखते. 2006 मध्ये ओराय-1 सापडले, ते बाह्य पटलातील प्रत्यक्ष चॅनेल. साठा घटला की स्टिमचे रेणू एकत्र येतात, बाह्य पटलाजवळ सरकतात आणि ओराय उघडतात. स्टीफन फेस्के आणि सहकाऱ्यांनी ओराय-1 ओळखले ते एका कुटुंबातल्या अशा बाळांच्या रक्तपेशींवरून, ज्यांची प्रतिकारशक्ती जवळजवळ शून्य होती. त्यांच्या लसिकापेशींना कॅल्शियमचा निरोप मिळत नव्हता, म्हणून त्या संसर्गाला उत्तर देत नव्हत्या. अशा मुलांपैकी जी अस्थिमज्जा बदलल्यामुळे जगली, त्यांची प्रतिकारशक्ती सुधारली, पण दात आले ते मऊ, पिवळट, झिजणारे एनॅमल घेऊन. 2009 मध्ये स्टिम-1 च्या उत्परिवर्तनाची भावंडे नोंदवली गेली. त्यांचेही दात तसेच. या निरीक्षणात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की नव्या अस्थिमज्जेने रक्त दुरुस्त केले, दात नाही. लहानपणच्या तापांनी किंवा संसर्गांनी एनॅमल बिघडले असावे, ही शंका इथेच बरीचशी गळून पडते, कारण इतर प्रतिकारदोषांत मुले तितकीच आजारी पडूनही असे दात नियमाने दिसत नाहीत. दोष अमेलोब्लास्टच्या आतला होता.

पुढचे काम न्यूयॉर्क विद्यापीठात रोड्रिगो लाक्रूज यांच्या गटाने केले, फेस्के यांच्या सहकार्याने. पद्धत समजून घेण्यासारखी आहे. उंदराच्या पटाशीवरून एनॅमल घडवणाऱ्या पेशी खरवडून काढायच्या आणि कॅल्शियम मिळाले की चमक बदलणारा रंग त्यांच्यात भरायचा. मग त्यांना कॅल्शियम नसलेल्या द्रवात ठेवून थॅप्सिगार्गिन द्यायचे. एका वनस्पतीतून मिळणारे हे विष जालिकेचे पंप बंद करते, त्यामुळे साठा गळून रिकामा होतो. आता बाहेरच्या द्रवात कॅल्शियम घालायचे. चमक झपाट्याने बदलली तर समजायचे, की रिकाम्या जालिकेने दार उघडले. 2015 मध्ये या गटाने दाखवले, की एनॅमलच्या पेशींत तसेच घडते आणि ओरायचा चॅनेल अडवणारी औषधे ते थांबवतात. त्याआधीच्या जनुक-नोंदींत स्टिम-1 चे प्रमाण पक्वतेच्या टप्प्यात वाढलेले दिसले होते, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी. पुढे फक्त आवरणपेशींतून स्टिम-1 आणि स्टिम-2 काढलेल्या उंदरांत एनॅमल खनिजाने अपुरे राहिले. ओराय-1 काढला तेव्हाही तसेच झाले.

आता सर्वांत अवघड आक्षेप. ओराय आणि स्टिम ही यंत्रणा लसिकापेशींत निरोपाचे काम करते : कॅल्शियम थोडेसे वाढते, जनुके चालू होतात. अमेलोब्लास्टमध्येही तेच नसेल कशावरून? कॅल्शियमचा ओघ दुसऱ्याच वाटेने जात असेल, आणि ओराय बंद पडल्यावर फक्त हुकूम पोचेनासा होऊन काम थांबत असेल. हा आक्षेप कोरा तर्क नाही. 2015 च्याच प्रयोगांत, या दारातून कॅल्शियम आत आले की एनॅमलच्या प्रथिनांच्या जनुकांचे काम वाढलेले दिसले. स्टिम नसलेल्या उंदरांत तंतुकणिका बिघडल्या होत्या, पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण होता, टोकाच्या चुण्या नीट उमटल्या नव्हत्या. म्हणजे निरोप नाहीच, असे म्हणता येत नाही. त्याला जोडून दुसरा आक्षेप असा, की ओराय हा अतिशय चिंचोळा चॅनेल आहे. त्यातून जाणारा प्रवाह इतका क्षीण, की एकट्या चॅनेलचा प्रवाह उपकरणावर सरळ मोजताही येत नाही. निरोपाला तो पुरेल, मालाला कसा पुरेल? या दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर वरच्या हिशेबात आहे. शरीरातल्या कॅल्शियमच्या पातळीला एका उघड्या ओरायमधून दर सेकंदाला काही हजार आयन जातात. 30 लाखांसाठी हजाराच्या आसपास चॅनेल उघडे लागतील, आणि लसिकापेशीसारख्या कितीतरी लहान पेशीच्या पटलावरही असे चॅनेल हजारोंनी असतात. चिंचोळेपणा ही अडचण राहत नाही; उलट हा चॅनेल इतर आयनांना जवळजवळ थारा देत नाही, हे मालवाहतुकीच्या दृष्टीने सोयीचेच.

पहिल्या आक्षेपाला मी दोन बाजूंनी उत्तर देईन. एक, दोषाचे स्वरूप. प्रथिनांच्या जनुकांना मिळणारा हुकूम हेच ओरायचे मुख्य काम असते, तर स्रवणाचा टप्पा कोलमडून एनॅमल पातळ व्हायला हवे होते. अमेलोजेनिन किंवा एनॅमेलिनची जनुके बिघडल्यावर बहुधा तसेच होते. ओराय-स्टिमच्या रुग्णांत जाडी बरीचशी ठीक असते, भरणी अपुरी असते. दोन, बाहेर पडण्याचे दार. कॅल्शियम आत घेणारा चॅनेल निरोप्या असू शकतो, पण एनॅमलच्या बाजूने कॅल्शियम बाहेर फेकणाऱ्या यंत्रावर तसा संशय घेणे कठीण. एनसीकेएक्स-4 हे असे यंत्र. चार सोडियम आत घेऊन ते एक कॅल्शियम आणि एक पोटॅशियम बाहेर टाकते, आणि पक्वतेच्या टप्प्यात अमेलोब्लास्टच्या एनॅमलकडच्या टोकावर ते भरपूर असते. त्याचे जनुक एसएलसी-24-ए-4 बिघडलेल्या, एरवी निरोगी अशा माणसांत एनॅमल अपक्व राहते, हे 2013 मध्ये सिद्ध झाले. प्रतिकारशक्ती उत्तम, फक्त दात मऊ. हे जनुक काढलेल्या उंदरांचे एनॅमलही पुरेशा जाडीचे, पण खनिजाने उणे आणि लवकर झिजणारे असते. 2014 मध्ये तर एकाच शोधनिबंधात दोन वेगवेगळी कुटुंबे शेजारी आली. एका कुटुंबात आत येण्याच्या दाराशी संबंधित स्टिम-1 बिघडलेले, दुसऱ्यात बाहेर जाण्याचे दार. वाटेच्या दोन टोकांना दोन वेगळे अडथळे आणि दाताचा दोष एकाच जातीचा, हे आतल्या वाटेच्या बाजूने मला माहीत असलेले सर्वांत भक्कम प्रमाण आहे. यातून निरोप आणि माल ही दोन कामे या पेशीत वेगळी काढता येत नाहीत, असे माझे मत झाले आहे. जालिका भरत राहणे हाच निरोप, आणि जालिका भरण्यासाठी येणारे कॅल्शियम हाच माल. आक्षेप घेणारे या दोहोंपैकी एकच निवडायला सांगतात, पण निवड करण्याचे कारण पेशीने दिलेले नाही.

या मतावर वैद्यकाच्या व्यवहारातून येणारा एक आक्षेप मात्र नीट ऐकला पाहिजे. कॅल्शियमचा पुरवठा कमी असेल तर एनॅमल बिघडते, हे जुने ज्ञान आहे. मे मेलॅनबी यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत कुत्र्यांच्या पिलांवर दाखवले, की ड जीवनसत्त्वाअभावी दात खडबडीत, खड्डेदार येतात, आणि मुडदूस झालेल्या मुलांच्या दातांवरही अशा खुणा सापडतात. मग प्रश्न वाटेचा की पुरवठ्याचा? टोकाच्या कमतरतेत पुरवठ्याचाच. पण रक्तातले कॅल्शियम शरीर मोठ्या कसोशीने डेसिलिटरला साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅममध्ये राखते, आणि त्यासाठी प्रसंगी हाडांतून काढते. ज्या मुलाचे रक्त या मर्यादेत आहे, त्याच्या खडूसारख्या दाढेला ‘कॅल्शियम कमी पडले’ हे स्पष्टीकरण लागू होत नाही. आणि दाढ आल्यानंतर दिलेल्या गोळ्या एनॅमलपर्यंत कशा पोचणार? त्या नेणाऱ्या पेशीच उरलेल्या नाहीत. दवाखान्यात ही गोष्ट आईबापांना समजावून सांगितली जाते असे मला फारसे दिसत नाही. गोळ्यांची चिठ्ठी लिहिणे सोपे पडते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयाचा सर्वांत जवळचा धागा फ्लोराइडचा आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या विंधनविहिरींच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1.5 मिलिग्रॅम या भारतीय मानकाच्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त आढळते, आणि तिथल्या मुलांच्या दातांवर पांढरे पट्टे, तपकिरी डाग, क्वचित खड्डे दिसतात. फ्लोराइड एनॅमल नेमके कसे बिघडवते, यावर अनेक उत्तरे आहेत : अमेलोजेनिन वेळेवर निघून जात नाही, स्फटिक भराभर वाढताना आम्लाचा भार वाढतो, पेशींवर ताण येतो. 2020 मध्ये लाक्रूज यांच्या गटाने त्यात आणखी एक जोडले. फ्लोराइड दिलेल्या एनॅमल-पेशींत साठ्याने उघडणारे दार कमी उघडते, जालिकेतील कॅल्शियमचा व्यवहार बदलतो आणि तंतुकणिकांवर परिणाम होतो. मूत्रपिंडाच्या पेशींत तसा बदल दिसला नाही. ताटलीतल्या पेशींना दिलेली मात्रा रक्तात कधी आढळणाऱ्या फ्लोराइडच्या कितीतरी पट होती, हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणून या निष्कर्षावर गावातल्या डागांचा सगळा भार टाकणे मी टाळतो. तरी एक गोष्ट त्यातून जुळते. फ्लोराइडचा मारा शरीरातल्या इतर पेशींवरही होतो, मग दात त्याला इतके हळवे का? ज्या पेशीला सेकंदाला लाखो कॅल्शियम आयन आपल्या अंगातून, तेही एकाच अरुंद व्यवस्थेतून, न्यावे लागतात तिच्यात तो अडथळा अधिक महागात पडणार. यातली काळाची चौकट तर ठरलेलीच आहे. कायमच्या पटाशीचे आणि पहिल्या दाढेचे एनॅमल जन्मापासून साधारण चार-पाच वर्षांत घडून संपते. त्यामुळे ज्या गावात पाण्याचा स्रोत बदलला, तिथल्या मोठ्या मुलांच्या दातांवरचे डाग तसेच राहतात, आणि बदलाचा परिणाम दिसतो तो त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या कायमच्या दातांत, सहा-सात वर्षांनी ते हिरडीबाहेर येतात तेव्हा.